एक सोमवार, दोन सीडी

१४ ऑगस्ट १९९५, सोमवार. ब्रिटनमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत त्या सकाळी दोन नव्या सिंगल्स, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या सीडी, शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. एक ब्लरची ‘कंट्री हाउस’, दुसरी ओएसिसची ‘रोल विथ इट’. दोन्ही गाणी आपापल्या बँडच्या पहिल्या दहांतसुद्धा बसणार नाहीत, असं माझं मत. ओएसिसच्या नोएल गॅलाघरनंही पुढे दोन्ही गाणी टुकार होती असं मोकळेपणानं कबूल केलं. तरी त्या आठवड्यात ही बातमी संगीताच्या साप्ताहिकांतून उडी मारून टीव्हीच्या रात्रीच्या मुख्य बातम्यांत गेली, आणि शाळेच्या मैदानापासून पबपर्यंत सगळीकडे एकच सवाल फिरू लागला: तू कुणाकडचा?

आपल्याकडच्या शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत. तिथे निदान सवालाला जवाब द्यावा लागे आणि न देता आला तर सगळ्या गावासमोर मान खाली जाई. १९९५च्या या कलगीतुऱ्यात सवालही नव्हता, जवाबही नव्हता. होती फक्त बारकोडची मोजणी. प्रकरण रंजक आहे ते याच कारणानं. आवडी आधीपासून होत्याच. त्या कुठे, कशा फाटल्या आणि ज्या रेषेवर फाटल्या असं सांगितलं गेलं ती रेषा खरी होती का, एवढंच इथे तपासायचं आहे.

त्याआधी काय होतं

ब्लर हा लंडनचा बँड म्हणून ओळखला गेला, पण गायक डेमन अल्बार्न आणि गिटारवादक ग्रॅहम कॉक्सन यांची मैत्री जमली ती एसेक्समधल्या कोल्चेस्टरजवळच्या शाळेत. १९९४च्या ‘पार्कलाइफ’ या अल्बमनं त्यांना घराघरांत नेलं आणि फेब्रुवारी १९९५च्या ब्रिट पुरस्कारांत त्यांना एकदम चार पुरस्कार मिळाले. ओएसिस मँचेस्टरच्या बर्नेज भागातला, आयरिश आईबापांच्या पोटी जन्मलेल्या गिटारवादक नोएल आणि गायक लिअम गॅलाघर या भावांचा बँड. १९९३च्या मे महिन्यात ग्लासगोतल्या ‘किंग टट्स’ या छोट्या जागेत क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीच्या अ‍ॅलन मॅगीनं त्यांना ऐकलं. सव्वा वर्षानं आलेला ‘डेफिनेटली मेबी’ त्या वेळेपर्यंतचा ब्रिटनमधला सर्वांत वेगानं खपलेला पदार्पणाचा अल्बम ठरला.

ज्या ब्रिट समारंभात ब्लरला चार पुरस्कार मिळाले, तिथेच सर्वोत्तम बँडचा पुरस्कार घेताना डेमन म्हणाला की हा ओएसिसबरोबर वाटून घ्यायला हवा होता. म्हणजे फेब्रुवारीत भांडण नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या शेल्फवर दोन्ही अल्बम एकमेकांना टेकून उभे राहू शकत होते, आणि राहतही असणार.

एप्रिलअखेर ओएसिसचं ‘सम माइट से’ हे गाणं खपाच्या यादीत, म्हणजे चार्टवर, पहिल्या क्रमांकावर गेलं. डेमननं नंतर सांगितल्यानुसार तो त्यांच्या आनंदाच्या पार्टीला गेला होता आणि लिअमनं त्याच्या तोंडासमोर येऊन आपण नंबर एक असल्याचं डिवचून सांगितलं. ब्लरला तोवर एकदाही तो क्रमांक मिळालेला नव्हता. ऑगस्टमध्ये दोघांची गाणी जवळजवळच्या तारखांना येणार हे कळल्यावर ब्लरच्या बाजूनं आपली तारीख मागेपुढे केली ती दूर जाण्यासाठी नाही, नेमकी त्याच सोमवारी येण्यासाठी. साठीच्या दशकात बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांचेही चाहते असेच वाटले गेले होते, पण ते दोन बँड आपली गाणी एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून तारखा सांभाळत असं सांगितलं जातं. इथे उलटं झालं. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकानं १२ ऑगस्टच्या मुखपृष्ठावर दोन्ही गायकांना जड वजनाच्या मुष्टियुद्धाच्या जाहिरातीसारखं समोरासमोर छापलं, आणि मग मागे फिरायला कुणाला जागाच उरली नाही.

मोजलं काय गेलं

रविवारी, २० ऑगस्टला निकाल लागला. ‘कंट्री हाउस’च्या २,७४,००० प्रती गेल्या, ‘रोल विथ इट’च्या २,१६,०००. ब्लर पहिला, ओएसिस दुसरा. दोघांची बेरीज केली तर शंभरात छप्पन ब्लरला आणि चव्वेचाळीस ओएसिसला.

हा आकडा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो चाहत्यांची शिरगणती असल्यासारखा वाटतो. तो तसा नाही. ब्लरनं एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या होत्या, गाणं तेच पण सोबतची गाणी निराळी. पक्का चाहता दोन्ही घेणार आणि चार्टवर दोन्ही मोजल्या जाणार. ओएसिसची सीडी एकच होती. शिवाय ब्लरची सीडी दुकानात ओएसिसच्या सीडीपेक्षा स्वस्त मिळत होती, आणि ‘रोल विथ इट’च्या काही प्रतींचे बारकोड मशिननं वाचलेच नाहीत अशी ओएसिसवाल्यांची तक्रार होती. यातली कुठलीच गोष्ट लबाडी नव्हे, त्या काळी सगळेच हे करत. पण एक माणूस दोन मतं देऊ शकतो आणि दुसऱ्याचं मत पेटीत पडलंच नसेल अशी शंका आहे, अशा मतदानावरून देशाची आवड ठरवणं धाडसाचं आहे. ज्यानं दोघांची एकेक सीडी घेतली तो तर या हिशेबात दोन्हीकडे उभा आहे. तो वादात कुठेच दिसत नाही, कारण त्याला भांडायचं नव्हतं.

गंमत म्हणजे खुद्द बँडवाले हा सगळा प्रकार किती मनावर घेत होते याचा पुरावा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात आहे. ब्लरचा बेस वाजवणारा अ‍ॅलेक्स जेम्स ओएसिसचं नाव छापलेला टी-शर्ट घालून आला. ओएसिसच्या वेळी लिअम गिटार अडकवून उभा राहिला आणि नोएल गाण्याचा अभिनय करू लागला, कारण मागे वाजत होती ती ध्वनिफीतच. बाहेर मैदानावर पोरं एकमेकांची गचांडी धरत होती, आत ही मंडळी खिदळत होती.

सांगितली गेलेली रेषा

वृत्तपत्रांनी त्या आठवड्यात हे भांडण उत्तर विरुद्ध दक्षिण आणि कामगार विरुद्ध सुखवस्तू असं मांडलं. इंग्लंडमध्ये ही जुनी जखम आहे. ऐंशीच्या दशकात उत्तरेतल्या खाणी आणि गिरण्या बंद पडल्या, लंडन मात्र फुगत गेलं. त्यामुळे मँचेस्टरचा उच्चार ऐकला की इकडच्यांना आणि तिकडच्यांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. ओएसिसचा चाहता म्हणजे पबातला, फुटबॉलच्या मैदानावरचा, पार्का हा टोपीवाला जाडा कोट घालणारा. ब्लरचा चाहता म्हणजे आर्ट स्कूलचा, नाहीतर डेमनच्या चेहऱ्यावर भाळलेली शाळकरी मुलगी. या दुसऱ्या वर्णनात मुलींबद्दलची तुच्छता उघड होती, पण तेव्हा कुणी त्यावर फारसं बोट ठेवलं नाही.

या चित्रात तथ्य नाही असं नाही. डेमनचे वडील कलाशिक्षणाच्या क्षेत्रातले आणि आई नाटकांचं नेपथ्य करणारी. ब्लरमधले काहीजण लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात होते, तिथेच शिकलेल्या डेमियन हर्स्टनं ‘कंट्री हाउस’चा व्हिडिओ केला. आणि डेमन गाताना लंडनच्या पूर्वेकडच्या कष्टकऱ्यांसारखे उच्चार काढायचा, त्याचा अनेकांना राग होता. तिकडे नोएल बँडमध्ये येण्याआधी इन्स्पायरल कार्पेट्स या बँडची वाद्यं वाहून नेणारा, जुळवून देणारा मदतनीस होता. पण रेषा जरा ओढून बघितली की विरते. ब्लर ज्या फूड रेकॉर्ड्सकडे होता त्यामागे ईएमआय ही बडी कंपनी, आणि ओएसिसच्या क्रिएशनमध्ये ४९ टक्के वाटा सोनीचा. कोल्चेस्टर म्हणजे लंडन नव्हे. ग्रॅहमचे वडील लष्कराच्या बँडमध्ये वाजवणारे. ब्लरच्या गाजलेल्या अल्बमांचा निर्माता स्टीफन स्ट्रीट त्याआधी काम करत होता ते मँचेस्टरच्याच द स्मिथ्सबरोबर, आणि त्याच स्मिथ्सचा गिटारवादक जॉनी मार हा नोएलचा आदर्श.

सगळ्यात अवघड साक्षीदार म्हणजे पल्प. शेफिल्डचा बँड, म्हणजे अस्सल उत्तरेचा. गायक जार्विस कॉकर लंडनच्या सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात शिकलेला. वर्गभेदावरचं त्या दशकातलं सर्वांत धारदार गाणं, ‘कॉमन पीपल’, त्यांचं. ते जून १९९५मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. रेषा खरंच उत्तर-दक्षिण असती तर पल्पचे चाहते ओएसिसच्या बाकावर बसले असते. कानाला मात्र पल्प ब्लरच्या शेजारी लागतो. ऑगस्टमध्ये पल्पचा विषय कुणी काढलाच नाही, कारण तो काढला असता तर मांडणीच कोसळली असती.

कानात असलेली रेषा

माझ्या मते आवडी खरोखर फाटत होत्या त्या सर्वनामावर.

ब्लरच्या त्या काळातल्या गाण्यांत ‘तो’ असतो. ट्रेसी जॅक्स नावाचा सरकारी कारकून, रोज तेच करणारा एर्नोल्ड सेम, आणि ‘कंट्री हाउस’मध्ये शहराला विटून मोठं घर घेऊन खेड्यात राहायला गेलेला श्रीमंत माणूस. (हा माणूस म्हणजे फूड रेकॉर्ड्समधून बाहेर पडलेला डेव्ह बाल्फ, हे उघड गुपित होतं.) गायक बाजूला उभा राहून त्याच्याकडे बोट दाखवतो. ऐकणाऱ्यानं हसावं, थोडं वाईट वाटून घ्यावं, आणि आपण त्यातले नाही याचं समाधान मानावं. ‘कंट्री हाउस’ वरवर ब्रासची वाद्यं घेऊन नाचणारं जत्रेतलं गाणं आहे, पण मध्यभागी मागचे आवाज एकाएकी उदास होतात. ज्याला ती उदासी ऐकू येते तो ब्लरचा. ज्याला फक्त पिपाण्या ऐकू येतात त्याला हे सगळं आगाऊपणाचं वाटणार, आणि त्याचंही चूक नाही.

ओएसिसमध्ये ‘तू’ आणि ‘मी’. ‘रोल विथ इट’ सरळ तुझ्याशी बोलतं. गोष्ट नाही, पात्र नाही, शब्दांचा अर्थ लावायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. पण ते तुमच्या तोंडून बाहेर पडायला तयार असतात. चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही गात असता. ध्वनीही त्याला साजेसा. ओवेन मॉरिसनं वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत या गाण्यांचा आवाज इतका चढवून ठेवला की पबातल्या गजबजाटात, मोटारीच्या फुटक्या स्पीकरमधून ती तशीच्या तशी पोचतात. बारकावे त्या भरात बुडतात. बारकाव्यांसाठी ऐकणाऱ्याला म्हणूनच ओएसिस सपाट वाटतो, आणि दहा मित्रांच्या गळ्यात हात टाकून ऐकणाऱ्याला ब्लर कोरडा.

हा फरक मला वाचून नाही, बोटांनी कळला. पुण्यात आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर एकच गिटार होती आणि ती ज्याच्या हाती जाई तो ओएसिसचं ‘वंडरवॉल’ वाजवी. कारण साधं आहे. केपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावायचा, करंगळी आणि शेजारचं बोट पातळ दोन तारांवर रोवायचं आणि गाणं संपेपर्यंत जवळजवळ हलवायचंच नाही. उरलेली दोन बोटं इकडून तिकडे नेली की कॉर्ड बदलतो. महिनाभर शिकलेल्याला जमतं. कॉक्सनच्या गिटारीचं काही बसवायला घेतलं की चौथ्या कॉर्डला बोटं एकमेकांत अडकत. आमच्यात ओएसिसवाले बहुसंख्य होते यात बर्नेजच्या कामगार वस्तीचा काय संबंध? मँचेस्टर नकाशात कुठे आहे हेही निम्म्यांना ठाऊक नव्हतं. ते गाणं सगळ्यांना एकत्र गाता येत होतं, बस्स.

सर्वनामाच्या या नियमाला अपवाद आहेत. ओएसिसच्या ‘शी’ज इलेक्ट्रिक’मध्ये मजेशीर पात्रं आहेत, आणि ‘पार्कलाइफ’च्या शेवटाकडे येणारं ‘धिस इज अ लो’ कुणाची टिंगल न करता अंगावर येतं. पण अपवादांकडे बघा: ब्लर न आवडणाऱ्यांनाही ‘धिस इज अ लो’ बहुधा आवडतं.

नंतर

पुढचं लवकर सांगता येईल. ब्लरचा ‘द ग्रेट एस्केप’ सप्टेंबरमध्ये आला, पहिल्या क्रमांकावर गेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तीन आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, ओएसिसचा ‘मॉर्निंग ग्लोरी’ आला. समीक्षक नाक मुरडत होते तोवर पहिल्या आठवड्यातच त्याच्या ३,४७,००० प्रती गेल्या. आजवर जगभरात दोन कोटींहून अधिक. ऑगस्ट १९९६मध्ये नेबवर्थला त्यांच्या मैफलींना दोन रात्रींत अडीच लाख लोक आले आणि तिकिटांसाठी अर्ज करणारे पंचवीस लाखांच्या पुढे होते. ब्लरच्या हाती गड आला खरा, पण त्या गडावर राहायला कुणी गेलं नाही. कॉक्सन तर जिंकल्याच्या रात्रीही खूश नव्हता. अमेरिकेतल्या पेव्हमेंटसारख्या ओबडधोबड बँडांकडे त्याचा ओढा, आणि इथे तो हर्स्टच्या विनोदी व्हिडिओत नाचत होता.

भांडणाला घाणेरडी बाजूही होती. सप्टेंबर १९९५मध्ये ‘ऑब्झर्व्हर’च्या मुलाखतीत नोएलनं डेमन आणि अ‍ॅलेक्स यांना एड्स व्हावा असं म्हटलं. त्याची जाहीर माफी मागावी लागली.

चाहत्यांसाठी खरी उलथापालथ १९९७मध्ये झाली. फेब्रुवारीत आलेल्या ‘ब्लर’ या अल्बमात पात्रं आणि पिपाण्या जवळजवळ गायब होत्या. ‘साँग टू’ हे दोन मिनिटं दोन सेकंदांचं गाणं, अल्बमवर दुसरं, दुसरी सिंगल आणि चार्टवरही दुसरं, अमेरिकेतल्या स्टेडियमांत ओरडलं जाऊ लागलं. ‘पार्कलाइफ’साठी ब्लरकडे आलेल्यांपैकी काहीजण इथे गळाले आणि ओएसिसवाल्यांपैकी काहीजण चोरपावलांनी आले. ऑगस्टमध्ये ओएसिसचा ‘बी हिअर नाऊ’ आला. पहिल्याच दिवशी चार लाखांवर प्रती खपल्या आणि पुढे त्यातल्या कितीतरी जुन्या सीडींच्या दुकानांत परत आल्या. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या घरच्या मेजवानीला नोएल गेला, डेमननं निमंत्रण नाकारलं. कामगारांचा प्रतिनिधी डाउनिंग स्ट्रीटवर आणि आर्ट स्कूलवाला बाहेर. १९९५च्या बातमीदारांनी आखलेली रेषा यानंतर कुणी ओढून दाखवावी.

त्या भांडणात युनियन जॅकची रंगरंगोटी फार होती, नोएलच्या गिटारीवरसुद्धा. ब्रिटनच्या शहरांत वाढलेल्या पंजाबी, गुजराती, बंगाली पोरांची आवड कुठल्या बाजूला धरायची हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८मध्ये, त्याच चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं ते कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्यातली आशा म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. बँडच्या तजिंदर सिंगनं लिहिलेल्या या गाण्यात पंचेचाळीस आरपीएमच्या तबकड्या आहेत, हिंदी सिनेमाची पार्श्वगायिका आहे आणि कुणाशी स्पर्धा नाही.

१९९९मध्ये ब्लरनं ‘टेंडर’ काढलं. डेमनचं इलॅस्टिका या बँडची गायिका जस्टिन फ्रिशमनबरोबरचं नातं संपल्यानंतरचं गाणं. त्यात ‘तो’ नाही, बोट दाखवणं नाही. मोजके कॉर्ड, मागे लंडनचा गॉस्पेल गायकवृंद, आणि कुणालाही दुसऱ्या फेरीत धरता येईल अशी ओळ. ओएसिसच्या चाहत्यानं डोळे मिटून ऐकलं असतं तर त्याला ते आपलंच वाटलं असतं.

मार्च २०१३मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, कर्करोग झालेल्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमात, डेमन आणि कॉक्सन यांच्याबरोबर नोएल गॅलाघर मंचावर आला. गायला त्यांनी निवडलं ते ‘टेंडर’. ड्रमवर बसला होता ‘द जॅम’ या जुन्या बँडचा गायक पॉल वेलर, ज्याच्या जुन्या तबकड्या दोन्हीकडच्या चाहत्यांच्या घरी सापडतील. वेलर मुळात ड्रमर नव्हेच. ताल थोडा इकडेतिकडे होत होता, आणि हॉलमधले लोक मंचावरच्यांच्या वरताण आवाजात गात होते.